टीव्हीतले केस

लाल दिवा लागलेला असतानाच यारित्साने ध्वनिमुद्रणाच्या खोलीचं दार ढकललं. आत ओदालिस एका सिमेंटच्या जाहिरातीसाठी ‘पिढ्यान्‌पिढ्या टिकणारं घर’ हे वाक्य पाचव्यांदा म्हणत होती. ते ‘टिकणारं’पाशीच तुटलं. काचेपलीकडच्या तंत्रज्ञाने कपाळावर हात मारून घेतला.

“ताई, मागाहून हवं तेवढं रागवा, आधी हे बघा,” यारित्सा म्हणाली आणि हातातला लॅपटॉप तिने माइकसमोर उघडून ठेवला.

पडद्यावर बावीस वर्षांची एक मुलगी बातम्या वाचत होती. उसन्या आणलेल्या निळ्या कोटाच्या बाह्या तिला लांब होत होत्या. चेहरा सावळ्याच्याही पुढचा, कॉफीच्या तळासारखा. आणि चेहऱ्याभोवती केस होते. काळे, दाट, गोल, कुणालाही न विचारता वाढलेले. कडेच्या केसांतून मागच्या दिव्याचा उजेड गाळून येत होता.

“कुठे मिळाली तुला ही?”

“तळघरात. जुन्या टेपा भंगारात काढत होते, त्यात. पहिल्या चाचणीची आहे ना? एकोणीसशे नव्व्याण्णव. ताई, तुमचे केस असे होते, हे चॅनलमध्ये कुणालाच माहीत नाही!”

यारित्सा सकाळच्या कार्यक्रमाची निर्माती होती. वय एकोणतीस. तिचे स्वतःचे केस एवढे फुललेले, की मोटारीत बसताना ती मान किंचित वाकवायची. गेल्या तीन-चार वर्षांत असे केस सगळीकडे दिसायला लागले होते. बँकेच्या जाहिरातीत, हवामानाच्या नकाशापुढे, शीतपेयाच्या फलकांवर. दोन चॅनलांनी तर बातम्यांनाही कुरळ्या केसांच्या मुली बसवल्या होत्या. मिरादोर चॅनल मागे पडलं होतं, आणि आता एका दमात पुढे जायचं म्हणून पुढच्या महिन्यात आख्खा आठवडा नैसर्गिक केसांवर करणार होतं. खर्च शाम्पूवाली कंपनी देणार होती.

“आणि सुरुवात तुमच्यापासून,” यारित्सा म्हणाली. “मी सहा वर्षांची होते तेव्हा आमच्या टीव्हीवर माझ्या रंगाची बाई एकच होती, तुम्ही. मी आईच्या मागे लागले होते, माझेही केस ओदालिस पोलांकोसारखे सरळ कर म्हणून.” ती हसली. त्या हसण्यात कुठे ठपका नव्हता, तरी ओदालिसने मान खाली घातली. “तर एवढंच करायचं, ताई. आजपासून केस सरळ करणं बंद. मुळाशी कुरळे दिसायला लागले, की खालचे कापून टाकू. मीही तसंच केलं होतं. रडू येतं, पण दोनच दिवस.”

ओदालिसचा हात खांद्यावर रुळणाऱ्या सरळ, चमकदार केसांवर गेला.

“बघते,” ती म्हणाली.

खांद्यावरचे केस तिचे नव्हते. चॅनलच्या मेकअप खोलीतली फेफा सांगायची, की भारतातल्या बायका देवाला केस वाहतात, ते तिथून विकत येतात आणि टोप होऊन इथं बायकांच्या डोक्यावर बसतात. कुणाच्या तरी नवसावर आपण बातम्या वाचतो, असं ओदालिसला पूर्वी कधीकधी वाटायचं.

त्या चाचणीच्या दिवशी, तेव्हा बातम्यांचा विभाग सांभाळणाऱ्या एवारिस्तो साहेबांनी टेप दोनदा बघितली होती. मग म्हणाले होते, “वाचतेस छान. पण तुझं डोकं बातमीच्या आधी खोलीत शिरतं. ते आटोपून ये.” ती आटोपून आली. मग एकोणीस वर्षं दर तीन आठवड्यांनी आटोपत राहिली. केस सरळ करायचं पांढरं औषध टाळूला चरचरायचं, वीस मिनिटं ठेवायचं असे, आणि केस हट्टी म्हणून फेफा तीस मिनिटं ठेवायची. खपल्या धरायच्या. एका वादळाच्या वेळी ती सलग अकरा तास पडद्यावर होती, तेव्हा मानेमागून लस वाहत कॉलरपर्यंत आली होती. देशाला ती दिसली नाही. देशाने दुसऱ्या दिवशी तिच्या धीराचं कौतुक केलं.

मग टाळूच्या मध्यावर पैशाएवढा भाग उघडा पडला. तो बशीएवढा झाला. कातडीच्या डॉक्टरबाईंनी भिंगातून बघून हातमोजे काढले आणि सांगितलं, “मुळांच्या जागी व्रण झालेत. इथं आता केस येणार नाहीत.” त्याला सहा वर्षं झाली. पुढे वर्षभरात ‘ताजे चेहरे हवेत’ म्हणून तिला पडद्यावरून उठवून या काचेच्या खोलीत बसवलं, तेव्हा तिला, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ती तिसऱ्या मजल्यावर गेली. एवारिस्तो साहेब आता सगळ्या कार्यक्रमांचे प्रमुख होते. त्यांनी स्वतः उठून तिला खुर्ची दिली.

“ती टेप बघितली मी. अंगावर काटा आला, ओदालिस. काय केस! आपलं मूळ, आपलं रक्त. लोक वेडे होतील.”

“साहेब, मला केस नाहीत.”

“म्हणजे?”

“गेले. सरळ करता करता गेले. हा टोप आहे.”

ते बघत राहिले. पाच-सहा वर्षं जिन्यात, जेवणाच्या रांगेत, नाताळच्या पार्टीत बघितलेलं डोकं ते पहिल्यांदा बघत होते. मग त्यांनी उठून दार लावलं.

“यारित्साला ठाऊक आहे?”

“नाही.”

“मग राहू दे. पोरगी भाबडी आहे, रडत बसेल.” ते खिडकीपाशी गेले, परत आले. “यात अडचण काय आहे पण? आज सरळ टोप लावतेस, उद्या कुरळा लाव.”

“आणि लोकांना सांगायचं, की हे माझे केस आहेत?”

“एकोणीस वर्षं सरळ केस घेऊन बसलीस, ते तुझे होते?”

 ओदालिस म्हणाली, “ते तुम्ही सांगितलं होतं म्हणून. डोकं बातमीच्या आधी खोलीत शिरतं, म्हणाला होतात.”

“मी?” साहेब हसले, अगदी मनापासून. “मी असं कशाला म्हणेन, बाई? मला तर तुझे ते केस पहिल्या दिवसापासून आवडले होते. वरून कुणीतरी म्हणालं असेल. तो काळच तसा होता.”

ते खोटं बोलत नव्हते. तेच जास्त लागलं. तिने पंचवीस वर्षांत एकही दिवस न विसरलेलं वाक्य त्यांनी त्याच दिवशी, कदाचित जेवायच्या आधीच, विसरून टाकलं होतं.

“हे बघ,” ते खाली बसत म्हणाले, “आवाजाचा विभाग महिनाअखेर बंद होतोय. आता यंत्रच वाचतं, आणि त्याला खोकलाही येत नाही. सकाळच्या कार्यक्रमात आठवड्यातून तीन दिवसांची खुर्ची देतो तुला. सत्तेचाळिसाव्या वर्षी कुणाला मिळते? मुली बघतील, त्यांना बरं वाटेल. टोपाने काय बिघडतं? भावना खरी आहे ना!”

ती खाली आली. काचेच्या खोलीत तिने सिमेंटचं वाक्य एकदाच म्हटलं आणि ते बरोबर आलं.

रविवारी ती नेहमीप्रमाणे व्हिया कोन्सुएलोला आईकडे जेवायला गेली. कासिल्दाबाई बहात्तर वर्षांच्या होत्या. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं केसांचं दुकान होतं. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा, केस वाळवायची दोन यंत्रं आणि भिंतभर फळीवर केस सरळ करायच्या औषधाचे पांढरे डबे. वीज गेली, की बायका ओल्या डोक्याने दारात बसून गप्पा मारत. चाळीस वर्षांत आळीतल्या प्रत्येक बाईचं डोकं त्या हातांखालून गेलं होतं. आळी त्यांना कासिल्दामावशी म्हणायची. मुलगी टीव्हीवर दिसायची त्या काळात, दुकानात बातम्या लागल्या की त्या यंत्र बंद करायला लावत आणि म्हणत, “थांबा ग, माझी बोलतेय.”

लेकीच्या डोक्याला मात्र त्यांचा हात गेली सहा वर्षं लागला नव्हता. “चॅनलमध्ये करतात, आई,” असं ओदालिस सांगायची. बोलता बोलता कासिल्दाबाईंचा हात सवयीने तिच्या डोक्याकडे यायचा, आणि ती काहीतरी उचलायला वाकायची. आईला तो दुरावा वाटायचा. मोठी झाली पोर, आता आळीतल्या न्हाविणीचा हात तिला चालत नाही, एवढाच अर्थ त्यांनी काढला होता, आणि तो मनात ठेवला होता.

“परत टीव्हीवर घेतायत मला,” ओदालिस म्हणाली.

“देवाची कृपा!” आईने तळलेल्या केळ्यांची ताटली तिच्याकडे सरकवली. “बातम्या?”

“नाही. केसांवर कार्यक्रम आहे. आपले केस, जसे असतात तसे.”

“जसे असतात तसे?” कासिल्दाबाईंनी खळखळून हसून घेतलं. “म्हणजे खराब? आणि ते बघायला लोक बसणार? अगं, आमच्या आळीतल्या बायका मला पैसे देतात ते तसे दिसू नयेत म्हणून!” मग तिचा चेहरा बघून म्हणाल्या, “बरं बाई. तुम्ही शिकलेल्या. खा.”

सांगायची वेळ तीच होती. ओदालिसने केळ्याचा तुकडा तोंडात घातला.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सहाला फेफाने मेकअप खोलीला आतून कडी घातली. टोप मायामीहून मागवला होता. एकेक केस हाताने जाळीत ओवलेला, दाट, गोल, काळाभोर. सरळ टोपाखाली ओदालिसचे स्वतःचे केस वाढलेत, असं साहेबांनी यारित्साला सांगून ठेवलं होतं. फेफा ओदालिसपेक्षा दहा वर्षांनी मोठी. तिने कपाळाच्या कडेला डिंक लावला आणि तो वाळेपर्यंत फुंकर मारत राहिली.

“माझं नशीब बघ,” ती म्हणाली. “तीस वर्षं बायकांचे कुरळे केस जाळून सरळ केले. आता त्याच बायकांच्या डोक्यावर कुरळे चिकटवतेय. सरकार बदललं, की कचेरीतला फोटो बदलतात. खिळा तोच.”

“तू जास्त वेळ ठेवायचीस,” ओदालिस म्हणाली. “औषध. दहा मिनिटं जास्त.”

फेफाचा हात थांबला. “तू पडद्यावर चांगली दिसावीस म्हणून ठेवायचे.”

“माहीत आहे.”

“मग आज तो विषय कशाला काढलास?”

“काही नाही. लाव.”

फेफाने जाळी ओढून बसवली, कडेचे चार केस दाताच्या ब्रशने कपाळावर आणले आणि खुर्ची आरशाकडे वळवली. ओदालिसने मनाशी ठरवलं होतं, की आरशात बघितल्याबरोबर किळस येईल. तसं झालं नाही. आरशात ती मुलगी बसली होती, पंचवीस वर्षांनी थकलेली, पण तीच. ओदालिसने बोटं उचलली आणि अगदी कडेने त्या केसांना लावली. तिला ते केस आवडले. ते तिचं तिलाच सहन झालं नाही, पण आवडले.

कार्यक्रम छान चालला. सूत्रसंचालन करणारी मार्लेन गोरटेली, गोड आवाजाची. तिचे सैलसर कुरळे पहाटे चारला गरम सळईने पाडले होते, हे फेफाकडून सगळ्यांना ठाऊक होतं. जुनी टेप दाखवली. टाळ्या पडल्या. मार्लेनने विचारलं, “मग एवढी वर्षं हे सुंदर केस कुठे लपवले होते, ओदालिस?” आणि ओदालिस एकोणीस वर्षांच्या सवयीच्या आवाजात म्हणाली, “इथंच होते. वाट बघत होते.” वाक्य यारित्साने लिहून दिलं होतं. कॅमेऱ्यामागे यारित्सा डोळे पुसत होती.

“आणि आता,” मार्लेन उठत म्हणाली, “ओदालिसला न सांगता आम्ही एका खास पाहुणीला बोलावलंय. या केसांवरून पहिला हात जिने फिरवला, ती!”

पडद्याआडून कासिल्दाबाई आल्या. चर्चला जायचा जांभळा पोशाख, पांढरे केस कालच गुंडाळून सरळ केलेले, हातात पर्स घट्ट धरलेली. दिव्यांनी त्यांचे डोळे दिपले होते. त्यांनी लेकीकडे बघितलं आणि जागच्या जागी थांबल्या. एवढे केस त्यांनी तिच्या डोक्यावर शेवटचे बघितले होते ते ती बावीस वर्षांची, औषध सोडून केस वाढवून बसली होती, तेव्हा.

“आजी, लहानपणी हिचे केस कोण विंचरायचं?”

“मीच. दुसरं कोण?”

“मग आज पुन्हा एकदा? सगळ्या देशासमोर?” मार्लेनने शाम्पूच्या कंपनीचं नाव कोरलेला, रुंद दातांचा लाकडी कंगवा त्यांच्या हातात दिला.

ओदालिस उठायला गेली. मार्लेनने हसत तिचे खांदे दाबून तिला बसवलं. समोरच्या छोट्या पडद्यावर तिला आपल्यामागे येणारी आई दिसत होती. जांभळं कापड जवळ आलं. नारळाच्या तेलाचा आणि औषधाचा ओळखीचा वास आला. मग कानाच्या वरून चार बोटं केसांत शिरली, मुळांकडे, चाळीस वर्षं जशी शिरत आली होती तशी, आणि जाळीच्या शिवणीला लागून थांबली.

छोट्या पडद्यावर कासिल्दाबाईंचा चेहरा होता. त्यात काही हललं नाही. फक्त अंगठा तेवढा शिवणीवरून पुढे सरकला, कपाळाजवळच्या डिंकापर्यंत, आणि परत फिरला. त्या हातांना आणखी काही सांगावं लागत नाही. खाली किती केस आहेत, कुठे नाहीत, आणि का नाहीत, ते त्यांना तेवढ्यात कळलं.

“काय झालं, आजी?” मार्लेनने विचारलं.

“काही नाही,” कासिल्दाबाई म्हणाल्या. “बऱ्याच दिवसांनी हात लागला.”

त्यांनी डावा पंजा टोपाच्या बुडाशी घट्ट दाबून धरला, जराही हलू नये असा. उजव्या हाताने त्या फक्त टोकं विंचरू लागल्या. सावकाश, एकेक बट. मग त्या वाकल्या आणि लेकीच्या कानाशी हळूच बोलल्या, पण कॉलरला लावलेल्या माइकने ते सगळ्या देशाला ऐकवलं.

“दुखतंय का ग?”

स्टुडिओत उसासा उठला. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. लहानपणी त्या पुढच्या खोलीतल्या खुर्चीवर ओदालिस ओरडायची, हात मागे नेऊन आईचं मनगट धरायची, तेव्हा आई एकच म्हणायची, “हलू नकोस, भाजेल.” दुखतंय का, हे तिने विचारलं नव्हतं. विचारून करायचं काय होतं?

“नाही, आई,” ओदालिस म्हणाली.

दुपारपर्यंत तेवढा तुकडा फोनाफोनांतून देशभर फिरला. एवारिस्तो साहेब स्वतः खाली आले. “रडले लोक, अक्षरशः रडले! आईला पुढच्या आठवड्यातही आण,” असं म्हणून त्यांनी कासिल्दाबाईंचा हात हातात घेतला, आणि त्यांनी तो सावकाश सोडवून घेतला. यारित्साने ओदालिसला मिठी मारली. “ताई, माझ्या आईचा फोन आला होता. माफी मागत होती माझी, केसांबद्दल. कधी नव्हे ते!” ओदालिसने तिच्या पाठीवर थोपटलं. या पोरीच्या घरात आज जे घडलं होतं ते खरं होतं, आणि ते आपल्या खोट्यातून निघालं होतं, याचं काय करावं ते तिला कळेना. कंपनीच्या माणसाने दोघींच्या हातात एकेक टोपली दिली. कुरळ्या केसांचा शाम्पू, कुरळ्या केसांचं तेल, कुरळ्या केसांचं मलम.

चॅनलच्या गाडीत दोघी मागे बसल्या. समुद्राकडेचा रस्ता संपला.

“कधीपासून?” कासिल्दाबाईंनी विचारलं.

“सहा वर्षं.”

“मला वाटलं, तुला माझी लाज वाटते.”

“नाही, आई.”

गाडी सिग्नलला थांबली. एक पोरगा ॲव्होकॅडो विकत काचेपाशी आला नि गेला. कासिल्दाबाईंनी मांडीवरच्या टोपलीतली बाटली काढून फिरवून बघितली आणि मागचं बारीक अक्षर डोळ्यांजवळ नेलं.

“ही तर आपल्या डब्याचीच कंपनी आहे.”

“हो.”

“सरळ करायचं औषधही यांचंच, आणि हेही यांचंच.” त्यांनी बाटली परत ठेवली.  “माझ्या हातानं गेले, का चॅनलवाल्यांच्या?”

त्यांच्या, असं म्हणायला ओदालिसने तोंड उघडलं होतं. आईने बहात्तर वर्षांत स्वतःबद्दल एवढं उघड काही विचारलं नव्हतं. पण या बाईला केसांबद्दल फसवता येणार नाही, हे तिने सकाळीच बघितलं होतं.

“औषध एकच होतं, आई,” ती म्हणाली.

कासिल्दाबाईंनी मान हलवली, भाव पटल्यावर गिऱ्हाईक हलवतं तशी.

दुकानात दोघीजणी वाट बघत होत्या, शेजारची लुर्देस आणि तिची सात वर्षांची मुलगी. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानातलं गाणं इथवर ऐकू येत होतं. मायलेकी आत शिरल्याबरोबर लुर्देसने टाळ्या वाजवल्या.

“रडवलंत हो मावशी तुम्ही! चार वेळा बघितलं. आणि ओदालिस, काय केस ग बाई! मी म्हणते, होते तर दाखवले का नाहीस इतकी वर्षं?” मग ती मुलीला पुढे ढकलत म्हणाली, “ही बया तेव्हापासून हटून बसलीय. हिचे आज सरळ करायचे होते, पहिल्यांदाच. आता म्हणते, ओदालिसमावशीसारखे ठेवायचे. सांगा तुम्हीच हिला. टीव्हीवर ठीक आहे हो, पण उद्या शाळेत मुख्याध्यापिका दारातून परत पाठवेल. गेल्या महिन्यात दोघींना पाठवलं. बसवा तिला, मावशी.”

मुलगी खुर्चीत चढून बसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. आरशातून ती ओदालिसकडे बघत होती, आता ही मोठी बाई आपली बाजू घेईल अशा खात्रीने.

ओदालिसला बोलायचं होतं. शाळेच्या दारात उभं राहून भांडायला हवं, असं म्हणायचं होतं. पण ज्या तोंडाने म्हणायचं, त्याच्या वर तो टोप होता. आणि टोप काढून दाखवला असता, तर संध्याकाळपर्यंत आख्ख्या व्हिया कोन्सुएलोला कळलं असतं, उद्यापर्यंत चॅनलला, आणि परवा यारित्साच्या आईला. ती दाराकडे सरकली.

कासिल्दाबाईंनी मुलीच्या गळ्याभोवती कापड बांधलं. तिच्या केसांत बोटं घातली, मुळांपर्यंत, आणि तशाच उभ्या राहिल्या. मुळं शाबूत होती. बोटांना ती एकेक लागत असणार.

मग त्यांनी कापडाची गाठ सोडली.

“आज नाही व्हायचं, लुर्देस. डबा संपलाय.”

लुर्देसने त्यांच्या मागच्या भिंतीकडे बघितलं. फळीवर पांढरे डबे एकावर एक रचलेले होते, छतापर्यंत.

“अहो मावशी, हे काय इथं...”

“संपलाय म्हटलं ना.”

“मग उद्या येऊ?”

“उद्याही संपलेलाच असेल.”

लुर्देस आधी हसली, मग रागावली. टीव्हीवर गेल्या म्हणून डोक्यात वारं शिरलंय, असं ती पुटपुटली, पण ऐकू जाईल एवढ्या आवाजात. “राहिलं तर. मागच्या गल्लीत मिल्केया आहे की. तिच्याकडे स्वस्तही पडतं.” तिने मुलीचं मनगट धरून तिला खुर्चीवरून उतरवलं आणि दोघी उन्हात गेल्या.

कासिल्दाबाई गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या. त्या खुर्चीत लेकीने त्यांना कधी बसलेलं बघितलं नव्हतं. हात मांडीवर उताणे पडले होते.

“काढ आता ते,” त्या म्हणाल्या. “उकडत असेल.”

“हो,” ओदालिस म्हणाली, पण ती दारातच उभी राहिली. रस्त्याने लुर्देस मुलीला ओढत नेत होती आणि मुलगी उलटं वळून, ठेचकाळत, दुकानाकडे बघत चालली होती. ओदालिसने तिला हात हलवून दाखवला. मुलगी मागच्या गल्लीला वळून दिसेनाशी झाल्यावर तिने दार लावलं, आणि मग कपाळावरचा डिंक नखाने सोडवायला घेतला.